झाकलेले आणि पुसलेले

सत्य सांगताना सर्वच सांगावे लागते काय, हा प्रश्न फार जुना आहे. जो बोलतो तो निवडतो; आणि जो निवडतो त्याला काहीतरी वगळावेच लागते. म्हणून वगळणे म्हणजे असत्य नव्हे, हे आपण सर्वांनी मनोमन मान्य केलेले असते. परंतु वगळता वगळता माणूस असत्याच्या हद्दीत नेमका कधी शिरतो, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. हा प्रश्न आमच्यापुढे एका घरगुती निमित्ताने उभा राहिला, आणि तो उभा केला मंचेरियल येथील एका छायाचित्रकाराच्या संगणकाने.

मंचेरियल हे नाव गोमंतकातील आमच्या बऱ्याच वाचकांना अपरिचित असेल. तेलंगणातील हे गाव काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्गावर, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. आसपास सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत, आणि जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील प्राणहिता ओलांडली की महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्हा लागतो. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदामाई येथवर येते तेव्हा तिचे पात्र विस्तीर्ण झालेले असते. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि या बाजूस त्याच नदीचे पुष्कर होते.

२०१५ सालच्या जुलैमधील पुष्करात आमच्या वृद्ध मातुःश्रींनी येथे स्नान केले. त्या वेळी त्यांना आधारावाचून उभे राहता येत नव्हते. घरी त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाई त्यांच्याबरोबर पाण्यात उतरल्या, आणि मातुःश्रींचा दंड धरून स्नान संपेपर्यंत उभ्या राहिल्या. तीरावरून कोणीतरी त्या दोघींचे छायाचित्र घेतले. मातुःश्रींच्या मुखावरील इतके प्रसन्न हास्य दुसऱ्या कोणत्याही चित्रात नाही. पुढे त्या निवर्तल्या, आणि वर्षश्राद्धासाठी तसबीर करावयाची वेळ आली तेव्हा सर्वांनी एकमुखाने तेच चित्र निवडले.

अडचण एकच होती. ज्या तसबिरीला हार घालावयाचा तीत हयात माणूस असू नये, हा आपल्याकडील सार्वत्रिक संकेत आहे. तेव्हा बाईंना चित्रातून वगळणे प्राप्तच होते. त्यात त्यांचा अनादर नव्हता. उलट त्यांच्या आयुष्याविषयीची काळजीच होती. आम्ही ते चित्र घेऊन स्टुडिओत गेलो.

तेथील तरुण कारागिराने जे केले ते आम्ही शेजारी बसून पाहिले. फोटोशॉपमध्ये चित्राचा एखादा भाग निवडावयाचा असेल तर त्यावर 'मास्क' घालतात. मास्क म्हणजे चित्राएवढाच एक अदृश्य पडदा. त्याचा जो भाग पांढरा, तेथे खालचे चित्र दिसते; जो काळा, तेथे ते झाकले जाते; आणि करड्या रंगाच्या छटेप्रमाणे चित्र कमीअधिक विरळ होते. सामान्यतः शून्यापासून २५५ पर्यंत अशा २५६ पायऱ्या असतात. केसांच्या बटा, पदराची पातळ कड, पाण्याचे तुषार यांना धारदार सीमा नसते. तेथे या करड्या पायऱ्याच उपयोगी पडतात. आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटले ते हे, की मास्क काहीही नष्ट करीत नाही. कारागिराने काळा कुंचला फिरवला तशा बाई दिसेनाशा झाल्या. पांढरा फिरवला तशा त्या पुन्हा मातुःश्रींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या गेल्याच नव्हत्या, केवळ झाकल्या होत्या.

मग तो थांबला आणि त्याने विचारले, "हाताचं काय करू?" बाईंचे शरीर झाकले गेले होते, परंतु त्यांची चार बोटे मातुःश्रींच्या दंडावर तशीच होती. कोणीतरी म्हणाले, तीही काढा. त्याने ती काढली, त्या जागी पदराचा तुकडा आणून बसवला, आणि बाईंच्या रिकाम्या जागेत गोदावरीचे पाणी भरले. चित्र निर्दोष झाले. मातुःश्री नदीत एकट्या, ताठ उभ्या होत्या. सर्वांना ते फार आवडले. आम्हांस मात्र ते पाहवेना.

का पाहवेना, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. झाकण्यात मुळातच खोटेपणा असता तर आपला अर्धा धर्माचार खोटा ठरला असता. नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. विवाहात वधूवरांमध्ये अंतरपाट धरतात. त्र्यंबकेश्वरी सोमवारच्या पालखीत देवाचा मुखवटा कुशावर्तावर नेतात. यांतील कोणतेही आवरण फसवीत नाही, कारण तेथे आवरण आहे हे सर्वांना ठाऊक असते. अंतरपाट पाहून पलीकडे कोणीच नाही असे मांडवातील लहान मूलही समजत नाही.

वेदान्त्यांनी मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत : आवरण आणि विक्षेप. आवरणशक्ती दोरी झाकते. विक्षेपशक्ती त्या जागी साप दाखवते. दोरी दिसली नाही एवढ्याने कोणी भिऊन पळत नाही. पळतो तो साप दिसल्यावर. स्टुडिओतील त्या दुपारी दोन वेगळ्या क्रिया घडल्या होत्या, आणि आम्ही त्यांना एकच समजत होतो. बाईंवर मास्क घातला ते आवरण होते. त्यांच्या जागी पाणी भरले तो विक्षेप होता. पहिल्या क्रियेने चित्र एवढेच म्हणत होते, की येथे कोण होते ते आम्ही सांगत नाही. दुसऱ्या क्रियेनंतर ते म्हणू लागले, की येथे कोणीच नव्हते, आणि ही स्त्री स्वतःच्या बळावर उभी होती.

यावर कोणी म्हणेल, की चित्रातील चमत्कार काही आजचे नव्हेत. खरेच आहे. याच नदीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या त्यांच्या चित्रपटांतील अद्भुत दृश्ये छायाचित्रणाच्या युक्त्यांनीच साधली होती. भिंगाचा काही भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकावा, फिल्म मागे फिरवावी, आणि मग उरलेला भाग टिपावा, ही त्या काळातील चलच्चित्रांची एक ठरलेली युक्ती. आजच्या मास्कची ती आजीच म्हणा ना. परंतु तेथे प्रेक्षक लीला पाहावयास आलेला असतो. तसा अलिखित करारच असतो. श्राद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडणारा नातू असा करार करीत नाही. आपली पणजी अशीच होती, असे तो धरून चालतो.

शिवाय विक्षेप आता फार स्वस्त झाला आहे. झाकलेल्या जागेत भोवतालच्या रंगांवरून भर घालण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०१० साली आली. २०२३ पासून तर नुसते शब्दांत सांगितले तरी नवे दृश्य त्या जागी उमटते. जे काम पूर्वी कुशल हातांना दिवसभर पुरे, ते आता क्षणाचे झाले. श्रम होते तोवर माणसाला मध्येच थांबून विचार करण्यास अवधी मिळे. आता तो अवधी आपला आपणच काढावयास हवा.

त्या कारागिराने आणखी एक गोष्ट दाखवली. मास्क नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी झाकलेला भाग पडद्यावर लाल झिरझिरीत रंगाने दाखवता येतो. ही खूण छापखान्यांतून आली आहे. पूर्वी पाने जुळवणारे कारागीर झाकावयाच्या जागेवर लाल पारदर्शक फिल्म कापून बसवीत. छपाईच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून तिच्या लेखी तो भाग काळाकुट्ट. कारागिराला मात्र त्यातून आरपार दिसे. झाकण्याची सारी नीती आम्हांस या लाल फिल्मेत सापडली. जो झाकतो त्याला स्वतःला तरी खालचे दिसत राहिले पाहिजे. ज्या क्षणी त्यालाही दिसेनासे होते, त्या क्षणी झाकणे संपते आणि पुसणे सुरू होते.

हे केवळ एका घरापुरते नाही. आपल्या देवस्थानांच्या उत्सवांची जुनी छायाचित्रे स्मरणिकांसाठी काढली जातात, तेव्हा पालखीपुढचे यजमान राहतात आणि कडेचा दिवटी धरणारा, वाजंत्री, अंगण सारवणारी बाई यांना जागेअभावी वगळले जाते. जागा अपुरी असते हे आम्ही जाणतो. पण मूळ चित्र जपले आहे काय, त्याच्या पाठीवर सर्वांची नावे आहेत काय, एवढे तरी विचारावे. नाहीतर पन्नास वर्षांनी त्या पालखीपुढे उजेड कोणी धरला होता, हे सांगणारे कोणीच उरणार नाही.

आमच्यापुरते आम्ही एवढे केले. भरलेले पाणी काढून टाकावयास सांगितले. मातुःश्रींचा चेहरा आणि खांदे एवढेच निवडून मागे साधा राखी रंग ठेवला. ती नदी नव्हे, हे पाहणाऱ्याला कळते. येथे काही झाकले आहे, हे तो रंग लपवीत नाही. थर एकत्र करून जेपीईजी केली की मास्क उरत नाही, म्हणून थरांसह मूळ फाईलही मागून घेतली. आणि अखंड चित्राच्या दोन प्रती काढल्या. एकीच्या पाठीवर दोघींची नावे व साल लिहून ती घरी ठेवली. दुसरी बाईंना नेऊन दिली.

त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिले. आपला चेहरा कसा आला आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. दंडावरच्या बोटांवर नखाने हळूच टिचकी मारून त्या म्हणाल्या, "पायाखालची वाळू सारखी सरकत होती हो. घट्ट धरलं होतं मी."

राखी रंगाची तसबीर आज आमच्या भिंतीवर आहे. तीत तो हात दिसत नाही. परंतु तो होता, हे घरातील मुलांना आम्ही सांगितले आहे.