घरातले दुखणे : सांगावे की लपवावे?



काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असताना, एक बाई सकाळच्या मिस्सेनंतर भेटायला आल्या. (त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहोत. त्या इथल्या नव्हेत, तेव्हा कोणी अंदाज बांधत बसू नये.) त्यांना अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झाले होते, केमो चालू होती. तपासणीत बीआरसीए-१ नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड सापडला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, "मुलींना आणि बहिणीला कळवा, त्यांनीही तपासून घ्यावे."

बाई रडू लागल्या. "फादर, थोरलीचे जमत आलेय. हे बाहेर गेले तर पोरींना कोण करील? आणि मीच दिले ना हे त्यांना?"

आम्ही त्यांना धीर दिला. म्हणालो, "घाई कशाला? आधी तुम्ही बऱ्या व्हा, मग पाहू." तेव्हा हा सल्ला आम्हाला मोठा दयाळू वाटला.

हा आजार नेमका कसा होतो, हे आम्ही नंतर समजून घेतले. आपल्या शरीरातील पेशी सतत विभागत असतात आणि विभागताना चुका होतात. त्या चुका दुरुस्त करणारी, बिघडलेल्या पेशीला थांबवणारी काही जनुके असतात. गाठ होऊ न देणे हेच त्यांचे काम. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांतलीच. त्यांचा शोध १९९४ आणि १९९५ साली लागला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. वाडीला दोन राखणदार असावेत तसे. एक जन्मापासूनच झोपलेला असला तरी दुसरा जागा असतो आणि वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. पुढे एखाद्या पेशीत दुसराही निकामी झाला, की तिथे राखण करणारे कोणी उरत नाही. आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून १९७१ साली असाच तर्क मांडला होता. अंडाशयाच्या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यात टीपी-५३ नावाचा आणखी एक राखणदार जवळजवळ प्रत्येक वेळी मोडलेला सापडतो. पण तो बिघाड सहसा वारशाने येत नाही, त्या पेशीतच घडतो. म्हणजे हा आजार झालेल्या प्रत्येक बाईच्या लेकींनी घाबरून जावे असे नाही.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस शिकवले गेले. वाईट ही काही स्वतंत्र वस्तू नव्हे, जे चांगले असायला हवे त्याचे नसणे म्हणजे वाईट, असे ते म्हणत. परीक्षेपुरते आम्ही ते पाठ केले होते. इथे ते पेशीत दिसले. बाहेरून काही शिरले नाही. जो जागेवर असायला हवा होता तो नव्हता.

आता त्या माउलीचा प्रश्न घेऊ. 'मीच दिले' हे खरे आहे का? बिघडलेली प्रत मुलाला मिळेल की नाही, याची शक्यता निम्मी-निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, आईकडून असो वा वडिलांकडून. याच बाईंची आत्या 'पोटात पाणी होऊन' गेली, असे त्यांच्या घरात बोलत. म्हणजे बहुधा हे त्यांच्या वडिलांकडून आले होते, आणि ते तर ठणठणीत जगून म्हातारपणी वारले. यात कोणाचा दोष? जे ठाऊक नाही आणि ज्याला आपली संमती नाही, त्याचे पाप लागत नाही, हे आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. प्रभूने ना त्याला दोषी ठरवले, ना त्याच्या आईवडिलांना.

पण रिपोर्ट हातात पडल्यावर गोष्ट बदलते. रक्त एकीचे तपासले, तरी माहिती एकीची राहत नाही. सर्वसाधारण स्त्रियांत हा कॅन्सर आयुष्यभरात साधारण ८० जणींत एकीला होतो. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असेल तर १०० त सुमारे ४० जणींना. शिवाय हा आजार लवकर सापडत नाही. युनायटेड किंगडममध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी केली गेली. रक्ततपासणी व सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ साली आला. खात्रीचा उपाय म्हणजे अंडाशय आणि गर्भनलिका वेळेआधी काढून टाकणे. बीआरसीए-१ असेल तर मुलेबाळे झाल्यावर, ३५ ते ४० व्या वर्षी, असे डॉक्टर सुचवतात. अँजेलिना जोली या नटीने २०१५ साली तेच केले. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली होती.

'चांगला अवयव काढणे पाप नाही का?' असे काही भगिनी विचारतात. पोप पायस बारावे यांनी १९५३ साली स्पष्ट केले होते, की सबंध शरीराच्या रक्षणासाठी गंभीर कारण असेल तर निरोगी अवयवही काढता येतो. १९६८ च्या 'ह्युमाने विते' या परिपत्रकानेही, मूल होऊ नये हा हेतू नसेल तर, उपचार म्हणून अशी शस्त्रक्रिया मान्य केली आहे. आमच्या मते इथे पाप नाही. मात्र किंमत मोठी आहे. पाळी अकाली थांबते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून कोणावर जबरदस्ती नको.

'मला काही जाणून घ्यायचे नाही' असे एखादी बहीण म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. पण नाही म्हणायला तरी, विचारण्यासारखे काही आहे हे तिला कळायला हवे. आणि लग्नाचे? मध्यस्थाला, शेजाऱ्यांना सांगण्याची काही गरज नाही. ज्याच्याशी लग्न होणार आहे त्याला मात्र मुलीनेच, लग्नाआधी, सांगावे. ऐकून तो मागे फिरलाच, तर त्याच्या घराण्याच्या रक्तात काय आहे हे कोणी तपासले आहे?

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर, करायचे राहून गेलेल्याचीही क्षमा मागतो. आम्ही ते वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत.

त्या बाई दीड वर्षाने वारल्या. शेवटच्या महिन्यात त्यांनी थोरलीला सांगितले. तोवर धाकट्या बहिणीच्या पोटात पाणी झाले होते. मुलीची मावशी ती, वय ४९.

महिन्याच्या मिस्सेनंतर थोरली आम्हाला भेटायला आली. रागावलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, "फादर, तुम्हाला माहीत होते ना?"

आम्ही "हो" म्हणालो.