वारसा जगाचा, राखण कोणाची?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणारा रस्ता फुलंब्रीवरून जातो. देशोदेशींचे प्रवासी या रस्त्याने लेणी पाहावयास जातात आणि कापूस-मक्याची शेते मागे टाकून परततात. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही स्थळे १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. आग्र्याचा किल्ला व ताजमहाल यांच्यासह भारताची ती पहिली चार स्थळे होत. एकाच जिल्ह्याला हा मान दोनदा मिळावा, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे.

लेणी कोरणारे हात केव्हाच मातीला मिळाले. त्या पाषाणावर आज कोणी नांगर धरीत नाही. पण समजा, उद्या आपल्याच तालुक्यातील एखाद्या गावाचे गायरान, तलाव किंवा डोंगर दुर्मीळ पक्ष्यांसाठी वा वनस्पतींसाठी असा जागतिक ठरला, तर? तेथे गुरे चरतात, सरपण गोळा होते, उन्हाळ्यात गाळपेर होते. अशा जमिनीला जगाने आपली म्हणावे, तेव्हा तिच्यावर जगणाऱ्या माणसाचे मत कोणी व केव्हा विचारावयाचे? प्रश्न कायद्याचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अशा नोंदीमुळे जमीन परदेशी संस्थेच्या ताब्यात जात नाही. पाणथळ जागांविषयीचा १९७१ चा रामसर करार आणि जागतिक वारशाविषयीचा १९७२ चा करार, हे दोन्ही संबंधित राष्ट्राचे सार्वभौमत्व स्पष्टपणे मान्य करतात. यादीसाठी नाव पाठविते ते त्या देशाचे सरकारच. म्हणजे खरा पेच जग आणि राष्ट्र यांच्यामध्ये नसून राष्ट्र आणि गाव यांच्यामध्ये आहे. दिल्लीने होकार दिला म्हणजे गावाने होकार दिला, असे मानावयाचे काय?

हा पेच आपल्यापासून दूर नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्यात गवत वाढले आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून पाखरे येऊ लागली. त्याच ठिकाणाहून निघणारा जलदगती कालवा आपल्या जिल्ह्यातील वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांना पाणी पुरवितो. मग ही पाणथळ जागा कोणाची? काठावरच्या शेतकऱ्याची, कालव्याच्या टोकाला वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची, की पाखरांची? ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारावयास सोपा आहे, परंतु पाणी आणि पाखरे गावाची शीव मानीत नाहीत. म्हणून ‘आमच्या गावात आम्ही म्हणू तेच’ हे उत्तर अपुरे आहे.

याउलट ‘जाणकार म्हणतील तेच’ हे उत्तरही अपुरे ठरते. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षितीर्थ १९८१ मध्ये रामसर यादीत आले. पुढच्याच वर्षी तेथे गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. ग्रामस्थांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. नंतर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने दीर्घ अभ्यास केला, तेव्हा आढळले की म्हशी चरावयाच्या थांबल्यामुळे गवत माजले, उथळ पाणी त्याखाली गुदमरले आणि पक्ष्यांची उलट गैरसोयच झाली. ज्या गुराख्याला शत्रू मानले, तो नकळत त्या तळ्याचा माळी होता. बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्याला विचारावयास हवे होते, त्याला कोणी विचारले नाही.

पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. स्थानिक जनतेशी अधिक विचारविनिमय व्हावा, यासाठीही प्रस्ताव पुढे ढकलावा, असा सल्ला तज्ज्ञ संस्थेने दिला होता. तरीही नोंद झाली. पुढे कासवर पर्यटकांची रीघ लागली, फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपण आले, आणि काही वर्षांनी तेथेही तीच शंका डोके वर काढू लागली: गुरांची ये-जा थांबल्याने तर फुले कमी झाली नाहीत ना? अखेर कुंपण काढण्याची वेळ आली.

येथे कोणी म्हणेल, ‘गावाच्या हाती सारे सोपविले, तर गाव डोंगर खडी केंद्राला विकेल आणि नदीतली वाळू उपसू देईल.’ ही भीती निराधार नाही. आपल्या आसपासच्या नद्यांची पात्रे पाहिली, की ती पटते. परंतु याच्या विरुद्ध साक्षही आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समिती २०१०-११ मध्ये काम करीत असताना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपण होऊन ठराव केले, की आमचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखला जावा. खाणी दाराशी येत होत्या, आणि संरक्षणाची मागणी गावातूनच उठली. राखण्याची इच्छा फक्त शहरातल्या कचेरीत जन्म घेते, असे नाही.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपल्याला ठाऊक आहे. राजा अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. त्याने योग्य मोबदला, किंबहुना अधिक चांगला मळा देऊ केला. तो मळा पूर्वजांचे वतन आहे, एवढेच सांगून नाबोथाने नकार दिला. अहाबाचा देकार अन्यायाचा नव्हता. अन्याय सुरू झाला तो नकार ऐकून घेण्याची तयारी संपली तेव्हा. ज्या विचारण्यात ‘नाही’ या उत्तराला जागा नसते, ते विचारणे नव्हे, ती केवळ सूचना होय.

पण तेच शास्त्र लेवीयाच्या पुस्तकात हेही सांगते, की भूमी देवाची आहे आणि आपण तिच्यावरचे उपरे व पाहुणे आहोत. म्हणजे नाबोथही अंतिम मालक नव्हे, तो विश्वस्त आहे. हीच गोष्ट गावाला लागू पडते. गावाचा अधिकार मालकीतून येत नाही. तो रोजच्या राखणीतून येतो. वणवा लागल्यावर धावत जाणारा, दुष्काळात झाड न तोडता तग धरणारा माणूस तेथे असतो, म्हणून त्याचा शब्द प्रथम. राखण सोडून जो नुसता विकावयास बसतो, त्याच्या शब्दाचे वजन आपोआप कमी होते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकापासून एक तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे: लहान समूहाला जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि जे लहानाला झेपत नाही तेथे मोठ्याने साहाय्यास यावे. या तत्त्वाच्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ मध्ये अॅमेझॉनविषयी लिहिताना, जागतिकतेच्या नावाखाली बड्या कंपन्यांचे हितसंबंध पुढे येण्याचा धोका दाखविला. त्याच वेळी, सरकारांना कर्तव्याची आठवण करून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे आणि नागरी संघटनांचे कौतुकही केले.

तेव्हा माझ्या मते न्याय्य क्रम असा असावा. नाव पाठविण्याआधी ग्रामसभा भरावी, आणि कोणते निर्बंध येतील व कोणता लाभ होईल हे मराठीतून, आडपडदा न ठेवता सांगितले जावे. त्या सभेत फक्त बागायतदार नसावेत; भूमिहीन, मेंढपाळ आणि सरपण आणणाऱ्या बायाही असाव्यात, कारण निर्बंधाचा पहिला काटा त्यांच्याच पायात रुततो. पाण्यावर अवलंबून असणाऱ्या खालच्या गावांचेही ऐकले जावे. गावाने नकार दिला तर कारणे समजून घेऊन पुन्हा बोलणे व्हावे. आणि गावाने होकार दिला तर राखणीचे काम व तिचा मोबदला प्रथम गावाकडे यावा. या क्रमाला वेळ लागेल, कधी एखादे स्थळ यादीत उशिरा येईल. भरतपूरच्या किमतीपेक्षा ती किंमत स्वस्त आहे.

फुलंब्रीच्या रस्त्यावरून प्रवासी जातच राहतील. जगाने आपल्या भूमीवर प्रेम करावे, यात वावगे काही नाही. मात्र त्याने आधी दारावर थाप द्यावी आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबावे. आणि उत्तर देण्याची वेळ आलीच, तर ही भूमी आपल्याला केवळ सांभाळावयास दिली आहे, याची आठवण आपणही ठेवावी.