संशयाचा फायदा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की ते कुंपण घातले कोणी, हा प्रश्न वर्षानुवर्षे आपल्या मनाला शिवतही नाही. मला तो शिवला गेल्या श्रावणातील एका शनिवारी, आणि त्याला निमित्त झाला न्यू जर्सीत राहणारा माझा अकरा वर्षांचा नातू. मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य अरबस्तानच्या मुलखातील, माथ्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा मिरविणारा एक शॅमेलिऑन त्याच्या वाढदिवसाला घरी आला होता. त्याच्यासाठी जाळीचा, छातीइतका उंच पिंजरा सिद्ध झाला होता. आणि आता त्या पिंजऱ्यात जिवंत झाडे लावावयाची होती. "आजोबा, आपल्या शिर्डीच्या अंगणातली कुठली झाडं चालतील? त्याला काही होणार नाही अशीच सांगा हं," अशी त्याची दूरध्वनीवरून विचारणा होती. प्रश्न पोरवयाचा वाटल्यामुळे मी समोरच्या पूजेच्या परडीकडे पाहत भराभर नावे घेऊ लागलो : तुळस, जास्वंद, मोगरा, कण्हेर... आणि कण्हेरीपाशी माझी जीभ अडखळली.

कारण कण्हेर ही मुळापासून फुलापर्यंत विषारी. तिचे विष हृदयाच्या गतीवर आघात करते आणि माणसाला काय किंवा गुराला काय, ते सारखेच बाधते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी परडीत पुन्हा पाहिले. शंकराला वाहावयाचे धोत्र्याचे फूल त्यात होते, तेही विषारी. शनिवार असल्यामुळे मारुतीसाठी रुईची माळ होती. ती सकाळी मी माझ्या डोळ्यांदेखत ओवून घेतली होती : माळीणबाई रुईचे पान खुडीत, की देठातून दुधासारखा चीक टपके, तो त्यांच्या बोटांवर वाळून पापुद्रा धरी, आणि तो हात चुकूनही डोळ्याला लागू नये म्हणून त्या मधूनमधून मातीत बोटे घाशीत. इतक्या जपणुकीने हाताळावे लागणारे पान आपण देवाच्या गळ्यात निःशंकपणे घालतो, आणि एका वीतभर प्राण्याच्या पिंजऱ्यात ते ठेवावयाचे म्हटले, की आपला हात थबकतो, या विसंगतीने मला त्या दिवशी बराच वेळ बसवून ठेवले.

विसंगतीचा उलगडा तसा साधा आहे. देव ते पान खात नाही. देवाला आपण जे वाहतो त्याची परीक्षा वाहणाऱ्याच्या भावावरून होते, वस्तूच्या गुणधर्मावरून होत नाही; आणि ज्याने हलाहल कंठात धारण केले त्याला धोत्र्याचे भय ते काय असणार? जिवाची गोष्ट निराळी आहे. जिवाला दिलेली वस्तू त्याच्या पोटात जाते, रक्तात मिसळते, आणि तिथे देणाऱ्याचा भाव कितीही निर्मळ असला तरी त्याची मखलाशी चालत नाही. देवाला भाव पुरतो. जिवाला तो पुरत नाही, त्याच्यापाशी भावाबरोबर ज्ञानही घेऊन जावे लागते. सद्हेतू असूनही अज्ञानाने घडलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागतो का, हा धर्मचिंतनातील एक जुना वाद आहे, आणि माझ्या नातवाने तो नकळत माझ्या अंगणात आणून ठेवला होता.

या वादाचा एक निवाडा भागवताच्या दशम स्कंधात आहे, आणि योगायोग असा, की त्याही कथेचा नायक सरडाच आहे. नृग राजा दानशूर. त्याने दिलेल्या गाईंना गणती नव्हती. एका ब्राह्मणाची गाय चुकून त्याच्या खिल्लारात मिसळली आणि ती परकी आहे हे ठाऊक नसताना राजाने ती दुसऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकली. पहिल्याने आपली गाय ओळखली, तकरार राजापुढे आली, मोबदल्यात लक्ष गाई घ्या असे राजाने परोपरीने विनविले, परंतु दोघांपैकी एकही ऐकेना. मृत्यूनंतर आधी पाप भोगतोस की पुण्य, असे यमाने विचारले असता राजाने पाप पत्करले, आणि तो कृकलास, म्हणजे सरडा, होऊन एका कोरड्या विहिरीत पडला. पुढे यादवांच्या मुलांनी दोर लावूनही तो निघेना, तेव्हा श्रीकृष्णाने डाव्या हाताने त्याला वर काढून मुक्त केले. ही कथा मला पूर्वी अन्यायाची वाटत असे. ज्याला ठाऊकच नव्हते त्याला शिक्षा कसली? आता वाटते, की राजाचा अपराध ठाऊक नसण्यात नव्हता. हजारो गाई हातावेगळ्या करताना ही एक गाय कोणाची, याची खातरजमा करण्याइतका वेळ त्याने दानाला दिला नाही, यात होता. दानाची संख्या वाढत गेली आणि दानाची चौकशी मागे पडली.

मग मी चौकशीला बसलो. शॅमेलिऑनला झाड ही केवळ शोभा नव्हे, ते त्याचे घर, पाणवठा आणि पडदा असे तिन्ही आहे. त्याच्या पायांची बोटे दोन आणि तीन अशा जुडग्यांत विभागलेली असल्यामुळे तो फांदी चिमट्यात धरल्यासारखी धरतो. दोन डोळे परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरवून चहूकडचा वेध घेतो. आणि वाटीतले निश्चल पाणी न पिता पानांवर साचलेले थेंब जिभेने टिपतो. बहुतेक शॅमेलिऑन केवळ किड्यांवर जगतात, पण हा येमेनी पाहुणा पाने-फुलेही खातो. म्हणून त्याच्या पिंजऱ्यातील प्रत्येक पान हे संभाव्य अन्न धरावे लागते. एवढ्यावर भागत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर औषधाची फवारणी झालेली असते, मातीत खताचे दाणे असतात, आणि थेंबाबरोबर तेही पोटात जाऊ शकतात. शिवाय रुईवर वाढणारा तो पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ आपण पाहतो, तो रुईचे विष पचवून स्वतःच्या अंगात साठवितो. अशा टोळाचा घास जो घेईल त्याच्या पदरात रुईच पडावयाची. म्हणजे झाड पिंजऱ्याबाहेर राहिले तरी त्याचे विष किड्याच्या पाठीवर बसून आत येऊ शकते.

विष हा वस्तूचा स्थायी गुण नसून दोन जिवांमधील नाते आहे, हे यातून ध्यानात येते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा एक कोवळा तुरा चावताना आपण तोंड वाकडे करतो, आणि तोच पाला शेळी चवीने ओरबाडून खाते. इथे शिर्डीत साईबाबांच्या गुरुस्थानाच्या निंबाखाली भाविक गळलेले पान शोधत वाकतात आणि ते जिभेवर ठेवून गोड लागल्याचे सांगतात. गीतेने सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांच्या अटी घातल्या, त्या विचारात हेच तत्त्व आहे : देणगी चांगली की वाईट हे देणगीकडे पाहून कळत नाही, ती घेणाऱ्याकडे पाहून कळते.

परंतु घेणाऱ्याला काय मानवते हे कळावे कसे? नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत आणि माझ्या नातवापुढे ती चारही एकेक करून उभी राहिली. शब्दप्रमाण म्हणजे जाणकारांच्या याद्या; त्याने त्या गोळा केल्या होत्या. परंतु विषारी झाडांच्या पुष्कळ याद्या कुत्र्या-मांजरांसाठी तयार झालेल्या, आणि त्या सरड्याला लावणे म्हणजे केवळ उपमानावर विसंबणे. घराघरांत बाटलीत वाढणारा मनीप्लांट घ्या : त्याच्या पानात सुईसारखे सूक्ष्म क्षार-स्फटिक असतात, ते मांजराच्या तोंडाची आग करतात, म्हणून तो त्या याद्यांत दोषी ठरतो, आणि शॅमेलिऑन पाळणारे मात्र वर्षानुवर्षे तोच वेल पिंजऱ्यात बिनघोर सोडतात. अनुमानाने यातले काय खरे धरावे? राहिले प्रत्यक्ष. पण प्रत्यक्ष पाहावयाचे म्हणजे संशयित पान बंदिवानाला खाऊ घालून काय होते ते बघावयाचे, आणि तसे करण्याची परवानगी सदसद्विवेक देत नाही.

चारही प्रमाणे जिथे थकतात तिथे न्यायालयाने एक जुनी तजवीज करून ठेवली आहे : संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मला वाटते, धर्माच्या कचेरीत हा कायदा थोडा फिरवून वाचला पाहिजे. तिथे संशयाचा फायदा त्याला मिळावा, ज्याला नकार देण्याची सोय उरलेली नाही. रानातला सरडा कडू पान टाकून पुढच्या फांदीवर जाईल. पिंजऱ्यातल्याला पुढची फांदी आपण दिली तरच आहे. आपण त्याची वाट काढून घेतली त्या क्षणी त्याची निवडही काढून घेतली, आणि ती ज्याच्या हवाली झाली त्याने त्याच्या वतीने विवेक करणे हे उपकार नव्हे, देणे आहे. शंभर निरपराध झाडे दाराबाहेर राहिली तर त्यांचे काही बिघडत नाही. एक अपराधी झाड आत गेले तर ज्याचे बिघडेल त्याला फिर्याद करण्यापुरता आवाजही नाही.

शिर्डीतच घडलेली म्हणून दाभोलकरांनी श्रीसाईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात सांगितलेली एक गोष्ट इथे आठवते. मशिदीत बाबांपुढे बसलेल्या एका भक्ताने पालीची चुकचुक ऐकली आणि ही शुभसूचक की अशुभ, असे विचारले. बाबा म्हणाले, की तिची बहीण औरंगाबादेहून येणार आहे म्हणून ती आनंदली आहे. थोड्या वेळाने औरंगाबादेचा एक गृहस्थ घोड्यावरून आला, घोड्याच्या दाण्यासाठी त्याने पिशवी झटकली, तीतून एक पाल निघून भिंतीवर चढली आणि दोघी बहिणी भेटल्या. चमत्कार मानावा की न मानावा, ज्याची त्याची श्रद्धा. मला त्यातील उत्तराची दिशा महत्त्वाची वाटते. भक्त विचारत होता की पालीचा आवाज माझ्यासाठी काय सांगतो. बाबांनी सांगितले की पाल स्वतःसाठी काय म्हणते. आपल्या शकुनापलीकडे पालीला स्वतःचा संसार आहे, ही जाणीव त्या एका वाक्याने भक्ताच्या पदरात टाकली.

त्या कसोटीवर पाहता, झाड सुरक्षित आहे का, या प्रश्नाआधी एक प्रश्न उभा राहतो : पिंजरा हवा का? आपल्याकडच्या घोयऱ्यापुरते त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. कुंपणावर मान हलवून गळा लाल करणारा तो घोयरा नव्हे. घोयरा म्हणजे आपला देशी शॅमेलिऑन, एक पाऊल उचलून वाऱ्याने पान हलावे तसा मागेपुढे झुलत चालणारा, शेपूट गुंडाळून बसणारा, कोणालाही न चावता विनाकारण विषारी ठरलेला आणि म्हणून दगडांखाली मरणारा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे. त्याला घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला द्यावयाचे झाड कुंडीतले नाही. बांधावरची बोर, बाभूळ न तोडणे, एवढेच त्याच्यासाठी आपण लावलेले झाड. येमेनी पाहुण्याबद्दल मात्र असे सुटसुटीत उत्तर नाही. त्याला न्यू जर्सीच्या हिवाळ्यात सोडणे म्हणजे मारणे. कुंपण घालून झाले आहे; म्हणीतला सरडा आता हसण्यावारी नेता येत नाही, आणि त्या कुंपणाच्या आतली प्रत्येक फांदी पोराच्या जिम्म्याची झाली आहे.

जिम्मा ही एकदा सही करून संपणारी गोष्ट नसते. आज जिथे समाधी मंदिर उभे आहे तिथे एके काळी बाबांनी जमीन साफ करून जाई, जुई आणि झेंडूची बाग फुलविली. वामन तात्या नावाचे एक भक्त रोज दोन कच्चे, न भाजलेले घडे देत. बाबा विहिरीचे पाणी भरून ते खांद्यावरून वाहत आणि झाडांना घालीत. संध्याकाळी घडे निंबाच्या बुंध्याशी ठेवले की कच्चेपणामुळे फुटून जात, आणि दुसऱ्या दिवशी दोन नवे येत. असे तीन वर्षे चालले. भाजलेला घडा सहज मिळत असताना कच्चाच का, याचे स्पष्टीकरण मला कोणी दिलेले नाही. पण कालच्या पाण्यावर आजचे रोप जगत नाही, एवढे तरी त्या खापऱ्यांकडे पाहून कळते.

म्हणून मी नातवाला यादी दिली नाही, एकच नाव दिले : जास्वंद. रोप आणल्यावर माती झटकून नवी घाल, पाने स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा धू, काही आठवडे ते पिंजऱ्याबाहेरच वाढू दे, कुंडीच्या तोंडाशी त्याला गिळता येणार नाहीत असे मोठे गोटे मांड, रोज सकाळी पानांवर पाणी शिंपड, आणि मग समोर बस. रामकृष्ण परमहंसांच्या एका दृष्टांतात सरड्याच्या रंगावरून माणसे भांडतात आणि खरा रंग ठाऊक असतो तो त्याच झाडाखाली राहणाऱ्याला, हेही मी त्याला सांगितले.

दिवाळीच्या सुमारास त्याचा पुन्हा दूरध्वनी आला. जास्वंदीला पहिले फूल उमलले होते आणि शॅमेलिऑनने ते देठापर्यंत खाल्ले होते. मी हातातली परडी खाली ठेवली. साठ वर्षे मी गणपतीला जास्वंद वाहतो आहे; वाहिलेले फूल घेणाऱ्याने खाल्ले, अशी वार्ता माझ्या घरी प्रथमच आली होती, आणि ती ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हे : पोराने पाने नीट धुतली होती ना?