जाणकारीचं भांडवल

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाची राजधानी लोमे. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या मोठ्या बाजारात काही बायकांनी रंगीत छापील कापडाच्या व्यापारात चांगलाच जम बसवला. अनेकींचं शालेय शिक्षण जेमतेम. कापड यायचं हॉलंडहून. पण कोणता रंग उठून दिसेल, कोणती नक्षी खपेल, हे त्यांना नेमकं कळायचं. नक्षीला त्या नावंही द्यायच्या. एका नक्षीचं नाव ‘माझ्या सवतीचा डोळा’! नाव लोकांच्या तोंडी बसलं, की सहा वारांचे तुकडे हातोहात जायचे. पुढे त्यांनी मर्सिडीज बेंझ गाड्या घेतल्या, आणि लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. सरकारसुद्धा बड्या पाहुण्यांसाठी त्यांच्या गाड्या मागून न्यायचं.

गिऱ्हाइकाची पारख हेच त्यांचं पहिलं भांडवल. बायकांची ही हुशारी आपण घरगुती समजून बाजूला सारतो. पैसा, हक्काची जागा आणि भाव ठरवायचा अधिकार मिळाला, की तीच हुशारी पेढी उभी करते. आपल्या ओळखीतली एखादी बाई धंदा काढायचं म्हणत असेल, तर शंका काढण्याआधी तिचा हिशेब आज नीट ऐकून घेऊ या.