नंदनवनात सहल

दिल्लीत हुमायूनच्या कबरीभोवतीची बाग पाहायला महिला मंडळांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहली येतात. त्यावर एक आक्षेप घेता येतो: जिथे माणसे पुरलेली आहेत तिथे कसली सहल? आक्षेप श्रद्धेतून आलेला, म्हणून उत्तरही श्रद्धेच्याच अंगाने द्यायला हवे. पाटांनी चार भागांत विभागलेला हा चारबाग म्हणजे कुराणातल्या स्वर्गाची, त्यातल्या नद्यांची जमिनीवर केलेली आखणी. त्या स्वर्गात कोणी एकटे ध्यान लावून बसलेले नाही. तिथे माणसे आसनांवर समोरासमोर बसली आहेत, हाताशी फळे आहेत, मनांतली किल्मिषे गेली आहेत. सोबत हा त्या सुखाचा गाभाच आहे. मग दहाबारा जणींनी पाटाकाठी गप्पा मारत फिरणे हा त्या जागेचा अवमान कसा? खालच्या बागेत बोलावे आणि वर कबरीपाशी आवाज आपोआप खाली यावा, एवढे भान मात्र हवेच.

दुसरी शंका अधिक खोल आहे. ही बाग मूळची राहिलीच कुठे? मधल्या काळात इथे कोबी आणि तंबाखू पिकला, इंग्रजांनी हौदांच्या जागी गोल वाफे केले. 1997 ते 2003 या काळात आगाखान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खात्याने ती पुन्हा उभी केली. डाळिंब, लिंबू, जास्वंद नव्याने लावले. पण झाडे ही बाग घडली त्या अकबराच्या काळातली असणे शक्यच नव्हते. बाग टिकते ती आखणीतून आणि हेतूतून. पाटांना 40 मीटरला जेमतेम 1 सेंटीमीटर उतार आहे. तेवढ्यावर पाणी वाहावे म्हणून कारागिरांनी दगड हाताने पुन्हा बसवले. ही नक्कल नव्हे, तेच काम पुढे चालवणे आहे.

उरतो इतिहासाचा मुद्दा: बाग बादशहाची, सामान्यांची नव्हेच. खरे आहे. पण स्वर्गाचे वचन राजघराण्यापुरते कधीच नव्हते, त्यामुळे सर्वांना खुली असलेली आजची बाग मूळ कल्पनेच्या अधिक जवळ आहे, असे मला ठामपणे वाटते. 1947 मध्ये इथे फाळणीच्या निर्वासितांची छावणी होती. तिची नोंद बागेच्या नुकसानीत होते, आणि नुकसान झालेही. तरी घर गमावलेल्यांना ज्या काळात तिथे आसरा मिळाला, तो काळ या बागेच्या ऱ्हासात मोजायला मी तयार नाही.