हरकत घराला की माणसाला?

नागरिकाच्या हाती असलेल्या अधिकारांत हरकत घेण्याचा अधिकार सर्वांत शांत आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. मत पाच वर्षांतून एकदा गुप्तपणे दिले जाते. हरकत मात्र आपल्या दारापुढच्या रस्त्याविषयी किंवा समोरच्या मोकळ्या भूखंडाविषयी नावनिशीवार लेखी द्यावी लागते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना व शहरी विकास अधिनियमानुसार टी. पी. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत बाधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडता येते, आणि ते विचारात घेणे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते. परंतु या अधिकाराची नैतिक मर्यादा कोणती? समोर काय बांधले जावे याविषयी बोलता बोलता, समोर कोणी राहावे हे ठरवण्याचा अधिकारही आपल्याला मिळतो काय?

गोडादऱ्यासारख्या भागात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुळात शेतीचे हे गाव सुरतच्या हद्दवाढीत शहरात आले आणि शेतांच्या बांधांवर सोसायट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. टी. पी. योजनेत सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करून, ठरावीक कपात करून, उरलेल्या जमिनीचे आखीव भूखंड परत दिले जातात. कायद्याने सुचवलेले प्रमाण असे आहे : रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मैदानांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ टक्के आणि खर्च भागवण्यासाठी विक्रीकरिता १५ टक्के. याखेरीज सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास वर्गांच्या घरांसाठी योजनेच्या क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंत जमीन राखण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. महापालिका मसुदा तयार करते, मंजुरी राज्य शासन देते.

रस्ता सर्वांना हवा असतो. बागेला कोणी नको म्हणत नाही. या शेवटच्या तरतुदीपाशी मात्र सूर बदलतो. गटारांवर ताण येईल, पाणी पुरणार नाही, शाळेत जागा उरणार नाही, असे म्हटले जाते. आणि मग आवाज किंचित खाली आणून, ‘वस्ती बिघडेल’, ‘भाव उतरतील’ असेही म्हटले जाते. ही सर्व वाक्ये एकाच अर्जात शेजारी-शेजारी बसतात. पण त्यांची जात एक नाही.

ती वेगळी ओळखण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. घरे तितकीच, मजले तितकेच, माणसांची संख्याही तितकीच ठेवावी. केवळ राहायला येणारी माणसे मनात बदलून पाहावीत. मजुरांच्या जागी बँकेतील कर्मचारी येणार आहेत, असे समजावे. हरकत तरीही टिकली, तर ती नागरिकाची हरकत होय. ती विरघळली, तर ती घराला नव्हतीच, माणसाला होती. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात न्यायाचे नियम ठरवताना स्वतःचे स्थान विसरून विचार करावा, असे सुचवले. आपली कसोटी त्याच विचाराचे घरगुती रूप आहे.

पहिल्या प्रकारची हरकत ठामपणे घेतलीच पाहिजे. जून २०२५ मध्ये खाड्यांच्या पुराचे पाणी लिंबायत, पर्वत पाटिया भागांत शिरले, तेव्हा ते बंगला आणि खोली यांत भेद करीत नव्हते. पाण्याला वाट ठेवल्याविना नवी बांधकामे उभी राहत असतील, तर ती महाग असोत वा स्वस्त, त्यांना अडवणे हे कर्तव्यच आहे.

दुसऱ्या प्रकारच्या हरकतीसमोर मात्र आपल्याला आपला इतिहास आठवावा लागतो. भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीने खानदेशातून आलेली कुटुंबे उधन्याला उतरली, तेव्हा त्यांच्यासाठी कोणती आखीव वसाहत वाट पाहत होती? शहराच्या पूर्वेला अनेक घरे शेतजमिनीच्या तुकड्यांवर, परवानगीची वाट न पाहता उभी राहिली. पुढे २०११ आणि २०२२ मध्ये राज्याने शुल्क घेऊन अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचे कायदे केले. ‘इम्पॅक्ट फी’ म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. शहराने आपल्याला सामावून घेताना जी सवड दिली, ती आपल्यापाशीच संपावी, असे म्हणायला कोणता आधार आहे?

यावर एक उत्तर प्रामाणिकपणे दिले जाते. ज्याने आयुष्याची पुंजी एका रो-हाउसमध्ये घातली, त्याला भावाची चिंता वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. हे मान्य आहे. पण घराचा भाव वाढला तो रस्ता, गटार आणि बाग आल्यामुळे. आणि ती अनेकांच्या जमिनीच्या कपातीतून आली. सामाईक त्यागातून मिळालेला लाभ तेवढा खासगी मानावा आणि त्यासोबतची जबाबदारी मात्र नाकारावी, हा हिशेब जुळत नाही. शिवाय घर नाकारल्याने माणूस येणे थांबत नाही. याच शहरात यंत्रमागांवरचे कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आले आहेत. १९९४ च्या प्लेगने दाखवून दिले, की दुर्लक्षित वस्तीतील घाणीची किंमत साऱ्या शहराला मोजावी लागते.

रहिवाशांची बहुसंख्या म्हणजेच लोकमत, असे नगरसेवकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या समजुतीचे काय होते, हे मराठी माणसाला महाडने शिकवले आहे. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने, सवर्ण रहिवाशांच्या दडपणापुढे झुकून, आपलाच ठराव मागे घेतला. पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. महाडची आणि आजच्या घरांची तुलना तंतोतंत नाही. त्या अपमानाची खोली वेगळीच होती. तरीही रहिवाशांची भावना आणि न्याय या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढे त्यातून निश्चित कळते.

टी. पी. योजनेवरील सुनावणीत एक पक्षकार नेहमी गैरहजर असतो. ज्याला त्या घरात राहायला यायचे आहे, त्याचे नाव अजून कोणत्याही यादीत नसते. त्याचे मत नगरसेवकाला मोजता येत नाही. त्याची बाजू मांडण्याची जबाबदारी, इच्छा असो वा नसो, आधीपासून राहणाऱ्यांवर येते. म्हणून सोसायटीच्या बैठकीत अर्ज लिहिला जाईल तेव्हा त्यातील प्रत्येक मागणी अशी असावी, की उद्या येणारा शेजारीही तिच्याखाली सही करील : घरांचा ताबा देण्यापूर्वी गटार पूर्ण व्हावे, खाडीची वाट मोकळी राहावी, शाळेच्या तुकड्या वाढाव्यात. ज्या मागणीवर त्याची सही होऊ शकणार नाही, ती अर्जातून वगळावी.