बार उडण्याआधी

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या माणसाला दारूगोळ्याची धास्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो शेजारीच आहे. ३१ मे २०१६ रोजी रात्री एकच्या सुमारास तिथे आग लागली आणि आजूबाजूची गावं रातोरात रिकामी करावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानात जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट होऊन सहा जण गेले. दोन्ही वेळा कुणी कुणावर नेम धरला नव्हता. एकदा माल कोठारात पडून होता, दुसऱ्यांदा पेट्या उतरवल्या जात होत्या. दारूचा खरा धोका बार उडण्याआधीचा असतो, ती ठेवताना, उचलताना आणि भरताना.

ही गोष्ट सगळ्यांत उघडी दिसते ती ठासणीच्या बंदुकीत. काडतुसाच्या बंदुकीत दारू, टोपी आणि छर्रे कारखान्यातूनच एकत्र बंद होऊन येतात. ठासणीला तसं काही नाही. दारू मोजायची आपण, तोंडातून ओतायची आपण, वर गोळी घालून गजाने ठासायची तीही आपणच. हे सगळं करताना आपला चेहरा आणि हात नळीच्या तोंडाशी असतात. चाप ओढताना माणूस बंदुकीच्या मागे असतो, भरताना तो पुढे असतो. एवढं ध्यानात आलं की चांदमारीच्या मैदानावरचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. जळाल्यावर तिचा जवळजवळ निम्मा भाग वायू न होता घन कणांच्या रूपात उरतो; त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, काही काजळी म्हणून नळीतच चिकटतो आणि त्या काजळीत एखादा निखारा धुगधुगत राहू शकतो. म्हणून एका बारानंतर लगेच दुसरा भरायचा नाही. थोडं थांबायचं, ओल्या चिंधीने नळी पुसायची, मग भरायचं. म्हणूनच दारूच्या मोठ्या शिंगातून थेट नळीत ओतायचं नसतं. निखारा असलाच तर तो एका बाराएवढी दारू पेटवेल, की हातातलं अख्खं शिंग, एवढाच प्रश्न आहे. परदेशी स्पर्धांत तर प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगळ्या नळकांड्यांत आणावी लागते. डेपोतली कोठारं एकमेकांपासून दूर, मध्ये मातीचे बांध घालून ठेवतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

गज धरायचा बोटांनी, थोडा थोडा ढकलत. त्याच्या टोकावर तळवा ठेवून दाबणारा माणूस तळवा नळीच्या रेषेत देत असतो. गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे, कारण मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. आणि टोपी चढवायची ती सगळ्यांत शेवटी, तोंड लक्ष्याकडे असताना.

घोडा पडला, टोपी वाजली, बार मात्र उडाला नाही, तर? इथेच माणूस घाई करतो. आत दारू धुमसत असू शकते. बंदूक तशीच लक्ष्याकडे रोखून मिनिट-दोन मिनिटं मुकाट उभं राहायचं. उतावळ्या माणसाने ठासणी हातात धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे ही बंदूक हौसेची नाही, जागलीची, म्हणजे रात्री पीक राखण्याची. रोही आणि रानडुकरं रात्रीत शेत उद्ध्वस्त करतात, हे वर्धा जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. (परवाना म्हणजे जनावर मारायची मोकळीक नव्हे, त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी.) पण मैदानावर निदान दिवसाचा उजेड असतो आणि हुकूम देणारा असतो. धुऱ्यावर अंधार, थंडी, जवळ शेकोटी आणि ओठात विडी. बार न उडवताच पहाट होते, बंदूक भरलेलीच घरी येते आणि भिंतीवर टांगली जाते.

कोरडी राहिली तर काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षं मांडून ठेवलेली अठराव्या शतकातली एक तोफ २०१३ साली साफ करायला घेतली, तेव्हा आत गोळा आणि पाऊण किलोच्या वर दारू निघाली, तीही जिवंत.

तेव्हा आजोबांची ठासणी घरात असेल, तर ती भरलेली आहे असंच समजा. चाप ओढून पाहू नका, नळीत काही खुपसून कोरू नका, पोरांच्या हाती देऊ नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि जाणत्या माणसाकडून ती रिकामी करून घ्या.